सरपटणारा शब्द आणि न साधलेली लस

'हर्पीस' ज्या ग्रीक धातूपासून आला, त्याचा अर्थ सरपटणे. संस्कृतातील 'सर्प' त्याच कुळातला. मराठीने याच विषाणुकुलातील एका रोगाला 'नागीण' म्हटले आहे. त्या नागिणीवर २००६ साली लस आली. तिचा भाऊबंद हर्पीस सिम्प्लेक्स मात्र आजही लसीविना आहे. त्याचा पहिला प्रकार मुख्यतः ओठांवर, तर दुसरा जननेंद्रियांवर फोड आणतो. आणि २०२० च्या जागतिक अंदाजानुसार १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ५२ कोटी माणसे दुसऱ्या प्रकाराने बाधित होती.

या अपयशाचा इतिहास आम्हांला वाचनीय वाटतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचण्यांत लस घेतलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर आढळली, पण संसर्ग टळला नाही. २००२ साली दुसऱ्या एका लसीने आशा पालवली. जोडीदाराला हा रोग असलेल्या, परंतु स्वतः दोन्ही प्रकारांपासून मुक्त असलेल्या स्त्रियांत ती सुमारे ७३ टक्के परिणामकारक दिसली. पुरुषांत मुळीच नाही. हा निष्कर्ष एका उपगटापुरता होता. तो पडताळण्यासाठी अमेरिका व कॅनडातील ८,३२३ स्त्रियांवर चाचणी झाली. २०१२ साली तिचे फलित कळले: जननेंद्रियांच्या रोगापासून एकूण संरक्षण अवघे २० टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर नगण्य. जिच्यासाठी हा खटाटोप, त्या दुसऱ्या प्रकारावर परिणाम नव्हता. पहिल्या प्रकारावर मात्र ५८ टक्के होता.

असे का व्हावे? नागिणीची लस कांजिण्यांनंतर शरीराने कमावलेल्या, वयपरत्वे मंदावलेल्या प्रतिकारशक्तीला उजाळा देते. सिम्प्लेक्सच्या बाबतीत प्रत्यक्ष संसर्गाने जागी झालेली प्रतिकारशक्तीही विषाणूला हुसकावू शकत नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींत निद्रिस्त राहतो व पुन्हा त्वचेकडे सरपटत येतो. निसर्गाला जे साधत नाही, ते लसीने साधायचे आहे. २०२४ साली आधीच बाधित असलेल्यांसाठीची एक उपचारात्मक लसही दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत उद्दिष्ट गाठू शकली नाही.

चार-दोन कृतींवरून अख्ख्या कालखंडाचा सिद्धान्त मांडण्याचा मोह आपल्या अभ्यासक्षेत्रालाही नवा नाही. फरक इतकाच, की तेथे आशादायक अनुमानाला दहा वर्षांच्या आत पडताळणीला सामोरे जावे लागले, आणि प्रतिकूल निकालही छापला गेला. साहित्येतिहासातील आपली किती अनुमाने अशा पडताळणीला उतरली आहेत?