कचऱ्याच्या पिशवीची किंमत

'कचरा कमी करा' हे वाक्य आपण वर्गात अनेकदा सांगतो आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. पण तेवढ्याने घरातला कचरा कमी होतो का? घरोघरची सवय कशाने बदलते, हे दाखवणारा एक मोठा प्रयोग दक्षिण कोरियात झाला. त्याची हकिकत पाहू या.

सोल शहरातून हान नदी वाहते. तिच्या काठी नांजीदो येथे १९७८ पासून शहराचा कचरा पडू लागला. १९९३ साली ती जागा बंद झाली, तेव्हा तेथे नव्वद मीटरांहून उंच टेकड्या उभ्या राहिल्या होत्या. अशा जागा पुन्हा पुन्हा कोठून आणायच्या?

त्या काळी कचऱ्याचे शुल्क मालमत्ता करावर किंवा घराच्या आकारावर ठरे. एक टोपली टाका की दहा, पैसे तेवढेच! काटकसर करणाऱ्या कुटुंबाच्या पदरात काहीच पडत नसे.

१ जानेवारी १९९५ पासून देशभर नवा नियम आला. कचरा टाकायचा तर ठरावीक पिशवीतच, आणि ती विकत घ्यायची. मोठ्या पिशवीला जास्त पैसे. मात्र कागद, काच, धातू, प्लास्टिक वेगळे करून दिले तर ते फुकट नेले जाई. १९९४ साली देशात रोज सुमारे ५८ हजार टन कचरा निघत असे. १९९५ साली तो सुमारे ४८ हजार टनांवर आला.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. पिशवीचे पैसे वाचवण्यासाठी काही जण कचरा चोरून रस्त्याकडेला टाकत, काही जण जाळत. त्यासाठी दंड ठेवावा लागला. खरकट्याचा प्रश्न तर उरलाच. ते पुरले की कुजून दुर्गंधी सुटे आणि घाण पाणी झिरपे. म्हणून २००५ पासून शहरांतले खरकटे थेट पुरण्यास बंदी आली, आणि २०१३ पासून त्याचेही शुल्क जितके टाकाल तितके, असे झाले. अनेक वसाहतींत ते तोलणारी यंत्रे बसली.

यातून काय दिसते? टाकण्याची किंमत दर वेळी जाणवली पाहिजे, आणि न टाकण्याची सोपी वाटही हाताशी हवी. किंमत आहे पण वाट नाही, तर कचरा रस्त्यावर जातो. वाट आहे पण फरक जाणवत नाही, तर ती ओस पडते.

आपल्याकडे रद्दीची घडी कोणाच्या उपदेशाशिवाय नीट ठेवली जाते, कारण तिला किलोवर भाव मिळतो. केळीच्या सालीला तो नाही. मुलांना आठवडाभर घरातून बाहेर जाणाऱ्या वस्तूंची यादी करायला सांगावी. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ती कोण नेतो, पैसे कोण कोणाला देतो, आणि ती वेगळी न केल्यास घराचे काय बिघडते? तिसऱ्या रकान्यात 'काहीच नाही' असे किती वेळा येते, ते वर्गात मोजून पाहावे. चर्चेला खरी सुरुवात तेथूनच होईल.