नाशिकमध्ये कोण मोजले जाते?

'स्मार्ट सिटी' हा शब्द नाशिककरांच्या तोंडी रुळला तो सप्टेंबर २०१६ नंतर, केंद्राच्या यादीत शहराचे नाव लागले तेव्हा. पण यंत्राने माणसे मोजण्याचा इथला इतिहास त्याआधीचा आहे आणि त्याची सुरुवात रामकुंडाच्या वाटेवर होते. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे मेली. पुढच्या, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या तरुणांनी वाटेवर 'अशिओतो' नावाच्या चटया अंथरल्या. त्यांवर पडलेली पावले मोजली जात आणि गर्दी कुठे साचते आहे ते कळे. आम्हाला सिंहस्थाचे कौतुक नाही, पण या चटयांचे आहे. जीव वाचवण्यासाठी माणसे मोजायला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही.

उलट, मोजणीचे महत्त्व आमच्या चळवळीने फार आधी ओळखले. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी लोकसंख्या आणि प्रतिनिधित्व यांचा हिशेबच मांडला होता. याच नाशिकच्या पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दरवाजांपुढे बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. हा आकडा आजही आंबेडकरी घरांत सांगितला जातो. आपण किती आहोत हे आपणच मोजायचे आणि सत्तेच्या दारात नेऊन ठेवायचे, अशी ती रीत होती.

आता आकडे कोणाच्या हातात आहेत ते पाहा. स्मार्ट सिटीचा कारभार महापालिकेच्या सभागृहाकडे नव्हे, तर त्यासाठी काढलेल्या कंपनीकडे गेला. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणुकाच न झाल्याने काही वर्षे प्रशासकाने शहर चालवले. म्हणजे राखीव प्रभागातून निवडून आलेला, वस्तीतला नळ आणि गटार यांवर भांडणारा नगरसेवकही उरला नाही. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम १.१ किलोमीटरचा 'स्मार्ट रोड' मात्र किती काळ खणलेला होता, हे तिथल्या दुकानदारांना विचारा.

सफाई कामगारांच्या बाबतीत तर ही गोष्ट उघडीच पडते. नागपूर, नवी मुंबई, चंडीगड इथल्या महापालिकांनी त्यांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ थांबला, सगळे कार्यालयात बसून दिसते. चंडीगडच्या कामगारांनी याविरुद्ध आंदोलनही केले. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या वाट्याला आले, ते वाचकांना सांगायला नको. साहेबांच्या मनगटावर असे घड्याळ बांधल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

आणि हाच कामगार गटारात गुदमरून मेला तर? १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना शोधून प्रत्येकी १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावे लागले. कायद्याने बंद केलेल्या कामात किती माणसे मेली, याची धड नोंद सरकारांनी ठेवलेली नव्हती. २०२३ मध्ये न्यायालयाने भरपाई ३० लाख केली. जिवंतपणी मिनिटामिनिटाचा हिशेब आणि मेल्यावर नोंद शोधायला न्यायालय! जातिव्यवस्थेला संगणक आला, एवढाच काय तो फरक.

सिंहस्थ पुन्हा तोंडावर आहे. कॅमेरे, नियंत्रण कक्ष, गर्दीचा अंदाज सांगणारी यंत्रणा यांची चर्चा जोरात आहे. भाविकांसाठी ते हवेच. पण मेळ्याची घाण उचलायला जे हजारो हात लागतील, त्यांचीही माहिती त्याच पडद्यावर लावा: कोणत्या ठेकेदाराकडे किती कामगार, कोणाचा पगार थकला, हातमोजे आणि बूट किती जणांना मिळाले, बायकांच्या राहण्याची आणि संडासाची सोय कुठे. गटारातला विषारी वायू ओळखणारे यंत्र फार महाग नसते. ते किती घेतले, हेही जाहीर करा. महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात हे प्रश्न आपण आताच टाकायला हवेत, मेळा उठून गेल्यावर नव्हे.