बायपासनंतर पुन्हा हिंडते-फिरते होताना: पहिले तीन महिने आणि पुढे

बायपास शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी आला की घरात दोन टोकाच्या गोष्टी घडतात. काही घरांत त्याला पलंगावरून उठूच दिले जात नाही. पाण्याचा पेलाही हातात आणून देतात. काही ठिकाणी रुग्ण स्वतःच म्हणतो, "ब्लॉकेज गेले, आता मी ठणठणीत," आणि तिसऱ्या आठवड्यात स्कूटर बाहेर काढतो. या दोन्हींमुळे नुकसान होते. पडून राहिल्याने स्नायू गळतात, छातीत कफ साठतो आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. घाई केल्याने छातीचे हाड नीट जुळत नाही. कधी काय करायचे आणि काय टाळायचे, याचा अंदाज यावा म्हणून हा लेख आहे.

शस्त्रक्रियेत काय झाले आहे?

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमध्ये अडथळे आले की त्यांना वळसा घालून रक्तासाठी नवा रस्ता तयार करतात. त्यासाठी छातीच्या आतल्या बाजूची धमनी, पायातली शीर किंवा मनगटाजवळची धमनी वापरतात. बहुतेक रुग्णांमध्ये छातीच्या मधले हाड उभे कापावे लागते. शेवटी ते स्टीलच्या तारांनी बांधून बंद करतात. या तारा कायम आतच राहतात, त्या काढाव्या लागत नाहीत.

म्हणजे तुम्हाला तीन गोष्टींतून बरे व्हायचे आहे: छातीचे हाड, पायाची किंवा हाताची जखम आणि गेलेली ताकद. त्वचेची जखम साधारण दोन-तीन आठवड्यांत भरते. हाड जुळायला 6 ते 8 आठवडे लागतात आणि ते पुरते मजबूत व्हायला सुमारे 12 आठवडे. मधुमेह, स्थूलपणा, तंबाखूचे व्यसन किंवा ठिसूळ हाडे असतील तर वेळ आणखी लागू शकतो. बरगड्यांमधून छोट्या छेदाने शस्त्रक्रिया झाली असेल तर हे वेळापत्रक वेगळे असते. ते तुमच्या सर्जनकडून समजून घ्या.

छातीचे हाड सांभाळा

पहिले 6 आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जड काहीही उचलू, ढकलू किंवा ओढू नका. पाण्याने भरलेली बादली, कळशी, धान्याचा डबा, नातवंड, प्रवासाची बॅग हे सगळे यात आले. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे 30 किलोचा असतो. त्याला निदान तीन महिने हात लावू नका आणि पुढेही डॉक्टरांना विचारूनच उचला.

पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि मग हळूच उठून बसा. घरच्यांनी रुग्णाचे हात धरून ओढू नये. पाठीमागे हात घालून आधार द्यावा. खोकला किंवा शिंक आली की छातीशी उशी घट्ट धरा. दुखेल म्हणून खोकला दाबू नका, कफ बाहेर पडणे गरजेचे असते. रुग्णालयात दिलेले तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र घरी कपाटात ठेवू नका. डॉक्टरांनी सांगेपर्यंत जागेपणी दर एक-दोन तासांनी दहा वेळा श्वास आत ओढून चेंडू वर उचला.

सुरुवातीला कमोड वापरा. उकिडवे बसून उठताना हातांवर जोर येतो आणि कुंथल्याने छातीवर ताण पडतो. बद्धकोष्ठता असेल तर डॉक्टरांना सांगून इसबगोल किंवा सौम्य रेचक घ्या.

खांदे मात्र आखडू देऊ नका. न दुखेल इतपत दोन्ही हात एकदम वर-खाली करणे आणि खांदे गोल फिरवणे, हे दिवसातून दोन-तीनदा करा.

चालण्याचे वेळापत्रक

चालणे हाच पहिल्या तीन महिन्यांतला मुख्य व्यायाम. खालचे वेळापत्रक गुंतागुंत न झालेल्या रुग्णांसाठी आहे. हृदयाची पंपिंगची क्षमता कमी असेल तर तुमचा वेग डॉक्टर ठरवतील.

* घरी आल्यावरचा पहिला आठवडा: सपाट जागेवर, घरात किंवा व्हरांड्यात, 5 मिनिटे; दिवसातून 4 ते 5 वेळा.
* दुसरा आठवडा: 10 मिनिटे, दिवसातून 3 वेळा. सोबत कोणीतरी असावे.
* तिसरा आणि चौथा आठवडा: 15 ते 20 मिनिटे, दिवसातून 2 वेळा.
* पाचवा आणि सहावा आठवडा: दिवसातून एकदा सलग 30 मिनिटे.
* सातवा ते बारावा आठवडा: थोड्या वेगाने 30 ते 45 मिनिटे, आठवड्यातून किमान 5 दिवस. डॉक्टरांच्या परवानगीने जागेवरची सायकल चालवता येते.

पहिली पाच मिनिटे सावकाश चाला, शेवटची पाच मिनिटे वेग कमी करत आणा. एकदम थांबलात तर चक्कर येऊ शकते. जेवणानंतर दीड-दोन तास व्यायाम टाळा. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यापेक्षा सोसायटीचा पार्किंगचा मजला बरा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा.

जिना चढायला मनाई नाही. एका वेळी एक पायरी चढा, मध्ये थांबा, कठडा फक्त तोल सांभाळायला धरा. हाताने शरीर वर ओढू नका.

किती जोर लावायचा, हे कसे ओळखायचे?

मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या नाडीच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. बायपासनंतर बहुतेकांना नाडीचा वेग कमी ठेवणारी औषधे दिलेली असतात. त्यामुळे जास्त श्रम झाले तरी आकडा फारसा वाढत नाही. सोपी कसोटी बोलण्याची आहे. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. तुटक शब्दच बोलता येत असतील तर वेग जास्त आहे. सहा-आठ आठवड्यांनंतर बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग योग्य.

दुसरी कसोटी दुसऱ्या दिवशीची. सकाळी उठल्यावर अंग गळून गेल्यासारखे वाटले तर आदल्या दिवशी जास्त झाले. त्या दिवशी एक पायरी मागे या, पण चालणे बंद करू नका.

कार्डियाक रिहॅब म्हणजे काय?

हृदयरुग्णांसाठी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली चालणारा हा व्यायामाचा आणि मार्गदर्शनाचा कार्यक्रम असतो. तो साधारण 12 आठवडे चालतो. सुरुवातीला 6 मिनिटांत तुम्ही किती अंतर चालता हे मोजतात, गरज असल्यास स्ट्रेस टेस्ट करतात आणि त्यावरून व्यायाम ठरवतात. असा कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या हृदयरुग्णांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण कमी असते. जवळ केंद्र नसेल तर पहिल्या तपासणीच्या वेळी फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचा व्यायाम लिहून घ्या.

योगासने, जिम, डोंगर आणि वारी

साधा दीर्घ श्वास आणि श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम लवकर सुरू करता येतो. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार तीन महिने तरी नकोत. सूर्यनमस्कारात शरीराचा भार हातांवर येतो, म्हणून तोही 12 आठवड्यांनंतरच. जिममध्ये अर्धा-एक किलोच्या डंबेल्सपासून सुरुवात करा आणि वजन उचलताना श्वास सोडा.

"पर्वती चढता येईल का? सिंहगडावर जाता येईल का? आषाढीच्या वारीला जाऊ का?" हे प्रश्न नेहमी येतात. अनेकांना हे पुढे जमते. मात्र आधी सपाटीवर 45 मिनिटे आणि दोन-तीन जिने विनात्रास जमले पाहिजेत, आणि स्ट्रेस टेस्ट करून डॉक्टरांनी होकार दिला पाहिजे. वारीत रोज मैलोन्‌मैल चालणे, ऊन-पाऊस आणि औषधांच्या चुकणाऱ्या वेळा असा तिहेरी ताण असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच आषाढीला एखादाच टप्पा चालावा आणि बाकी दर्शन वाहनाने घ्यावे.

वाहन, नोकरी आणि शरीरसंबंध

कार चालवणे साधारण 6 आठवड्यांनंतर, दुचाकी 8 ते 12 आठवड्यांनंतर. खड्ड्यांतून जाताना हँडल सांभाळण्याचा ताण थेट छातीच्या हाडावर येतो. तोवर गाडीत मागच्या सीटवर बसा, पट्टा लावाच. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा.

बसून करायचे काम 6 ते 8 आठवड्यांत सुरू करता येते, शेतीचे, हमालीचे किंवा कारखान्यातले अंगमेहनतीचे काम तीन महिन्यांनंतर. घरकामालाही हेच लागू आहे. बायका बहुधा लवकर कामाला लागतात, कारण घरकामाला कोणी काम समजत नाही. कणीक तिंबणे, भरलेला कुकर उतरवणे, कपडे पिळणे, फरशी पुसणे यांत छातीवर तेवढाच जोर पडतो. ही कामे दोन-तीन महिने घरातल्या इतरांनी वाटून घ्यावीत.

दोन मजले न धापता, छातीत न दुखता चढता येत असतील तर शरीरसंबंध सुरक्षित मानतात. साधारणपणे 6 आठवड्यांनंतर. हातांवर भार येईल अशी स्थिती टाळा. लैंगिक ताकदीची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीसोबत ती घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो.

हे नेहमीचे आहे, घाबरू नका

ज्या पायातली शीर काढली त्याला सूज येणे, घोट्याजवळ किंवा छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा, भूक मंदावणे, झोपेची वेळ उलटसुलट होणे, लक्ष न लागणे हे काही आठवडे चालते. बसताना पाय उंच ठेवा.

मनाचेही तसेच. विनाकारण रडू येणे, चिडचिड, "मी आता कोणाच्या कामाचा राहिलो नाही" असे वाटणे बऱ्याच रुग्णांना जाणवते. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले, औषधे घ्यायची इच्छा राहिली नाही किंवा जगण्याबद्दल निराशेचे बोलणे सुरू झाले, तर डॉक्टरांना लगेच सांगा. उदासीनतेमुळे व्यायाम आणि औषधे दोन्ही सुटतात आणि त्याची किंमत हृदयाला मोजावी लागते. उपचाराने ती बरी होते.

औषधे, आहार, तंबाखू

बायपासने रक्ताला नवी वाट मिळते. धमन्या अरुंद करणारा आजार शरीरात तसाच राहतो. पायातून घेतलेल्या शिरांपैकी सुमारे निम्म्या दहा वर्षांत बंद होतात किंवा खराब होतात. छातीतली धमनी मात्र बहुतेकांत दहा वर्षांनंतरही उघडी असते. रक्त गोठू न देणारी आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी "आता बरे वाटते" म्हणून बंद करू नका. दात काढायचा असला तरी ॲस्पिरिन थांबवण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

जखम भरायला प्रथिने लागतात: डाळी, उसळी, दही, ताक, अंड्याचा पांढरा भाग, वाफवलेले किंवा कालवणातले मासे. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. पापड, लोणचे, फरसाण आणि वेफर्समधले मीठही त्यातच मोजा. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि तळलेले पदार्थ खाऊन साखर वाढते. मधुमेह असेल तर उपवास करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

सिगारेट, विडी, गुटखा, मशेरी, तपकीर हे सगळे कायमचे बंद. "एखादीच" असे इथे काही नसते.

तातडीने डॉक्टरांकडे जा

* विश्रांती घेऊनही छातीत दाब, घाम, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे. अशा वेळी 108 ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका.
* छाती अचानक वेगाने किंवा अनियमित धडधडणे. बायपासनंतरच्या दिवसांत असे बऱ्याच जणांना होते आणि त्यावर उपचार लागतात.
* 100.4 अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणे, जखम लाल होणे.
* हालचाल करताना किंवा खोकताना छातीच्या हाडात कट्‌कट्‌ आवाज येणे.
* एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वजन वाढणे. यासाठी रोज सकाळी वजन करून वहीत लिहा.
* एकाच पोटरीत वाढती सूज आणि दुखणे, किंवा काळी शौच.

तीन महिन्यांनंतर

बारा आठवडे झाले की आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम, दोन दिवस हलके वजन, आणि रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलची ठरलेली तपासणी, हे कायमचे वेळापत्रक समजा. पुष्कळ रुग्णांना सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षा जास्त चालता येते, कारण आधी त्यांना छातीतल्या दुखण्याने अडवलेले असते. चालण्याची वेळ, वजन आणि औषधे एकाच वहीत लिहा आणि प्रत्येक तपासणीला ती वही सोबत न्या. ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या सर्जनने किंवा हृदयरोगतज्ज्ञांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा.