महिनाभरानंतरचा प्रश्न

हिंगणघाटला कुणाच्या छातीत कळ आली, की उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून सेवाग्राम किंवा नागपूर अशी धावपळ होते. माणूस घरी परतला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण पुढे तो कसा आहे, हे दवाखान्याने विचारायला हवं, असा आग्रह धरला बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने. प्रत्येक रोग्याचं एक कार्ड ठेवायचं आणि उपचारांचं पुढे काय झालं, ते त्यावर नोंदवायचं. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्याने छापला. त्यात १२३ चुका कबूल केल्या. सहकाऱ्यांना हा माणूस नकोसा झाला. मला मात्र तो वैद्यकातला फार मोठा माणूस वाटतो.

हृदयविकाराच्या दालनातलं अशा हिशेबाचं एक ठळक उदाहरण १९८९चं. न्यूयॉर्क राज्याने बायपासनंतरच्या मृत्यूंची नोंद सुरू केली. नुसते मृत्यू मोजणं अन्यायाचं असतं. कापसाच्या बाजारात ओलावा पाहिल्याशिवाय भाव ठरत नाही, तसं वय, मधुमेह, हृदयाची ताकद हे धरूनच तिथे आकडे काढले. १९९२पर्यंत असा मृत्युदर ४.१७ टक्क्यांवरून २.४५वर आला. जोखमीचे रोगी टाळले जातात, ही टीकाही झाली, आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी.

भारतातला मोठा हिशेब हृदयविकाराच्या झटक्यांच्या ‘क्रिएट’ नोंदणीचा, २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. ८९ रुग्णालयं, वीस हजारांवर रोगी. मोठ्या झटक्याच्या रोग्यांना कळ आल्यापासून दवाखाना गाठायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं. तिथून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेपर्यंत ५०. तीस दिवसांत गरिबांतले ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांतले ५.५. उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबांतले जास्तीचे मृत्यू हृदयापेक्षा न मिळालेल्या उपचारांशी जोडलेले होते.

सहा तास दवाखाना गाठण्यातच जात असतील, तर मोठ्या रुग्णालयाच्या दारात सुरू होणारी नोंद अपुरी आहे. ती तालुक्यापासून सुरू व्हावी आणि महिन्यानंतरच्या फोनपर्यंत चालावी. तुम्हीही एवढं करा: कळ कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगा, आणि पुढे दवाखान्याचा फोन आला तर खरं उत्तर द्या.