घरात ठेवलेल्या अस्थी आणि मनातील अस्वस्थता

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या जातात; मात्र मुलगा परदेशातून यायचा असतो, भावंडांचे एकमत होत नाही, आणि विसर्जन लांबते. फडक्यात बांधलेला कलश घरातच राहतो. मग त्या खोलीत मुलांनी झोपावे का, देवापुढे दिवा लावावा का, असे प्रश्न दबक्या आवाजात विचारले जाऊ लागतात. करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ मध्ये, प्रवासबंदीमुळे असंख्य कुटुंबांवर ही वेळ आली होती.

या अस्वस्थतेचे मूळ रूढीत आहे. अस्थी उंबरठ्याच्या आत आणू नयेत, असा संकेत अनेक घरांत पाळला जातो. कलश स्मशानातच ठेवावा किंवा एखाद्या झाडाला टांगावा, ही जुनी रीत. सदनिकेत ना अंगण, ना झाड. साहजिकच कलश कपाटात जातो, आणि कपाट उघडताना हात थबकतो.

शास्त्रग्रंथ मात्र समजले जातात तितके कठोर नाहीत. आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थी कुंभात भरून खड्ड्यात पुरण्याचा विधी आहे. दहा दिवसांच्या आत अस्थी गंगेत पडणे पुण्यप्रद मानले गेले. परंतु पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० मध्ये रचलेल्या ‘धर्मसिंधु’त दहा दिवसांनंतरच्या विसर्जनासाठीही नियम आहेत. गुरू-शुक्राचा अस्त आणि अधिक मास तेवढा टाळावा, असे त्यात म्हटले आहे. विलंब होऊ शकतो, हे ग्रंथकारांनी गृहीतच धरले होते. बौद्ध परंपरेत तर अस्थी जतन करणे हाच आदर होय. नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जतन करण्यात आल्या आहेत.

महात्मा गांधींच्या रक्षेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दुबईतील एका व्यावसायिकाच्या कुटुंबाने सांभाळलेला कलश मुंबईच्या मणिभवन संग्रहालयाकडे आला. तो प्रदर्शनात न ठेवता विसर्जित व्हावा, अशी गांधी कुटुंबीयांची इच्छा होती. त्यानुसार ३० जानेवारी २००८ रोजी, हत्येनंतर तब्बल साठ वर्षांनी, गिरगाव चौपाटीजवळ समुद्रात विसर्जन झाले.

आरोग्याची भीती निराधार आहे. चितेच्या उष्णतेत रोगजंतू टिकत नाहीत. उरतात ती मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त हाडे. दूध किंवा पाणी शिंपडलेल्या अस्थी ओल्या राहिल्यास बुरशी येऊ शकते, म्हणून त्या वाळवून झाकणाच्या भांड्यात ठेवाव्यात.

तरीही घरातील एखाद्याला, विशेषतः वृद्ध आईला किंवा लहान मुलाला, कलशाचा त्रास होत असेल, तर ‘अंधश्रद्धा’ म्हणून त्यांना गप्प बसवू नये. काही स्मशानभूमींत अस्थी ठेवण्यासाठी कप्पे असतात, त्यांची चौकशी करावी. सर्वांना विचारून विसर्जनाची तारीख ठरवावी. अनिश्चितताच अधिक छळते, असे वाटते. नाशिकचे रामकुंड किंवा आळंदीची इंद्रायणी गाठणे शक्य नसेल, तर कोल्हापूर-सांगली भागातील अनेक कुटुंबांचा मार्ग आहेच: रक्षा स्वतःच्या शेतात विसर्जित करून तेथे झाड लावायचे. रक्षा क्षारयुक्त असल्याने ती भरपूर मातीत मिसळावी. थेट रोपाच्या मुळाशी ओतल्यास रोप जळण्याचा संभव असतो.