नॉर्म आणि मेट्रिक अवकाश

मेट्रिक अवकाश ही गणितीय विश्लेषणातील एक मूलभूत संकल्पना आहे. ज्या संचातील कोणत्याही दोन घटकांमधील अंतर ठरावीक नियमाने निश्चित केलेले असते, त्या संचास त्या अंतरासह मेट्रिक अवकाश म्हणतात. सदिशाची ‘लांबी’ ठरविणाऱ्या फलनास नॉर्म म्हणतात. प्रत्येक नॉर्मपासून एक अंतर मिळते. मात्र प्रत्येक अंतर नॉर्मपासून मिळालेले असतेच असे नाही.

व्याख्या

अंतर अं(क, ख) ही ऋण नसलेली वास्तव संख्या असून ती पुढील अटी पाळते:
१. क आणि ख एकच असतील तरच अंतर ० असते.
२. अं(क, ख) = अं(ख, क).
३. अं(क, ग) ≤ अं(क, ख) + अं(ख, ग). हीस त्रिकोण असमानता म्हणतात.

नॉर्म ‖क‖ हा केवळ शून्य सदिशासाठी ० असतो, ‖म·क‖ = |म|·‖क‖ हे प्रत्येक संख्या म साठी खरे असते आणि ‖क + ख‖ ≤ ‖क‖ + ‖ख‖ असते. अं(क, ख) = ‖क − ख‖ असे मानल्यास वरील तिन्ही अटी पूर्ण होतात.

अटींची पडताळणी

पहिल्या दोन अटी बहुधा सहज सिद्ध होतात. कस लागतो तो तिसरीत. वास्तव संख्यांवर (क − ख)² हे अंतर ठरत नाही, कारण ० ते २ साठी ४ मिळतात, तर १ मार्गे १ + १ = २ एवढेच.

भिन्न घटकांमधील अंतर नेहमी १ मानल्यास मेट्रिक अवकाश मिळतो. परंतु सदिश दुप्पट केला तरी हे अंतर दुप्पट होत नाही. म्हणून ते कोणत्याही नॉर्मपासून आलेले नाही.

प्रतलावरील नॉर्म

(३, ४) या सदिशाचा युक्लिडीय नॉर्म ५, घटकांच्या केवलमूल्यांची बेरीज घेणारा नॉर्म ७ आणि त्यांतील सर्वांत मोठे मूल्य घेणारा महत्तम नॉर्म ४ येतो. मूळबिंदूपासून १ अंतरावरील बिंदू पहिल्यात वर्तुळ, दुसऱ्यात कोनावर उभा चौरस आणि तिसऱ्यात अक्षांना समांतर बाजूंचा चौरस तयार करतात.

आकृत्या भिन्न असल्या तरी प्रतलावर महत्तम नॉर्म ≤ युक्लिडीय नॉर्म ≤ बेरीज-नॉर्म ≤ २ × महत्तम नॉर्म हा क्रम नेहमी टिकतो. म्हणून एका नॉर्ममध्ये अभिसारी असलेली क्रमिका इतर दोहोंतही अभिसारी असते. अशा नॉर्मना समतुल्य म्हणतात. सांत मितीच्या वास्तव सदिश अवकाशातील सर्व नॉर्म परस्परांशी समतुल्य असतात.

अनंत मितीतील फरक

अनंत मितीत हा निष्कर्ष लागू पडत नाही. ० ते १ या अंतरालावरील अखंड फलनांचा अवकाश आणि त्यातील ट, ट², ट³, … ही क्रमिका घ्यावी. केवलमूल्याचे समाकल हा नॉर्म मानल्यास न-व्या फलनाचा नॉर्म १/(न + १) येतो व क्रमिका शून्य फलनाकडे जाते. महत्तम मूल्य हा नॉर्म मानल्यास प्रत्येक फलनाचा नॉर्म १ असतो. त्यामुळे ती शून्याकडे जात नाही. तसेच महत्तम नॉर्मसह हा अवकाश पूर्ण असतो, म्हणजे त्यातील प्रत्येक कोशी क्रमिकेस त्याच अवकाशात सीमा असते; समाकल-नॉर्मसह तो पूर्ण नसतो. म्हणून अशा अवकाशात अभिसरणाविषयी विधान करताना नॉर्मचा स्पष्ट उल्लेख आवश्यक असतो.

इतिहास

अमूर्त संचावरील अंतराची कल्पना फ्रेंच गणितज्ञ मॉरिस फ्रेशे यांनी १९०६ मधील प्रबंधात मांडली. ‘मेट्रिक अवकाश’ हे नाव फेलिक्स हाउसडॉर्फ यांच्या १९१४ मधील ग्रंथामुळे रूढ झाले. पूर्ण नॉर्मयुक्त अवकाशांचा पाया पोलिश गणितज्ञ स्टेफान बानाख यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात घातला. असे अवकाश त्यांच्याच नावाने बानाख अवकाश म्हणून ओळखले जातात.