रोमनगरीचे प्रथम दर्शन
आपल्या नगरीतून जाणाऱ्या यात्रेकरूने तेथे काय पाहावे?

आपले छत्रपती संभाजीनगर हे पाहुण्यांचे शहर आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी, देवगिरीचा किल्ला, बीबीचा मकबरा व पाणचक्की पाहावयास देशोदेशींचे लोक येथे येतात. आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा अशा एखाद्या पाहुण्यास वाट दाखविलेली असते. दोन दिवसांत सर्व काही पाहू म्हणणारा पाहुणा अखेर काहीच पाहत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणून आपण त्यास सांगतो की, थोडे पाहा, परंतु निवांतपणे पाहा. मात्र आपण स्वतः पाहुणे होऊन परदेशी जातो तेव्हा हाच उपदेश विसरतो. २०२५ साली रोम येथे जुबिली वर्ष झाले. त्या निमित्ताने ज्यांनी रोम पाहिले त्यांच्याविषयी ऐकून आता इतरांच्याही मनात ती ओढ उत्पन्न झाली आहे. अशा प्रथमच जाणाऱ्या यात्रेकरूच्या उपयोगी पडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

रोम आपणांस वाटते तितके परके नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या नगराच्या दक्षिणेस असलेले पैठण व त्याहून दूर असलेले तेर ह्या दोन्ही गावांची नावे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आली आहेत. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून तलम कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेत, व तेथून तो माल रोमन साम्राज्यात जाई, असे तो ग्रंथकार लिहितो. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे उत्खननात जी हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत पाँपेई येथे राखेखाली मिळाली होती. म्हणजे संत पेत्र व संत पौल रोमला गेले त्या काळात गोदातीरचा मालही त्याच साम्राज्याच्या बाजारांकडे जात होता.

जुबिलीची प्रथा इ. स. १३०० मध्ये परमगुरुस्वामी आठवे बोनिफास ह्यांनी सुरू केली. त्या वर्षी रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस आणि परक्यांनी पंधरा दिवस संत पेत्र व संत पौल ह्यांच्या मंदिरांस भेट द्यावी, असा नियम होता. ह्या नियमात प्रथम यात्रेकरूस मोठा बोध आहे. सातशे वर्षांपूर्वी परगावच्या माणसास पंधरा दिवस तीच दोन मंदिरे पुन्हा पुन्हा पाहावयास सांगितले होते. आपण तीन दिवसांत तीस स्थळे उरकू पाहतो!

पहिला दिवस अर्थातच संत पेत्राच्या मंदिरासाठी राखून ठेवावा. शक्य तर सकाळी लवकर जावे, कारण पुढे रांग फार वाढते. खांदे व गुडघे झाकणारा पोशाख नसेल तर दारातूनच परत फिरावे लागते. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात बांधलेले जुने मंदिर जीर्ण झाल्यावर १५०६ साली नव्या मंदिराचा पाया घातला गेला, आणि १६२६ साली त्याचा समर्पणविधी झाला. म्हणजे कामास एकशे वीस वर्षे लागली. मायकेलअँजेलोने योजिलेला घुमट त्याच्या मृत्यूनंतर, १५९० साली पूर्ण झाला. जमिनीपासून क्रुसाच्या टोकापर्यंत त्याची उंची सुमारे १३६ मीटर आहे. आत शिरताच उजव्या हाताला, मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या पवित्र मातेची संगमरवरी मूर्ती आहे. ती घडविली तेव्हा मायकेलअँजेलोने पंचविशीही ओलांडली नव्हती.

मंदिरापुढील चौकात २८४ स्तंभांची जी दुहेरी कमान पसरली आहे, ती बर्निनीने १६५६ ते १६६७ ह्या काळात उभारली. आपल्याकडे बेगम दिलरस बानूचा मृत्यू १६५७ साली झाला, व तिच्या मकबऱ्याचे काम त्यानंतर सुरू झाले. टायबरकाठी एका बाजूला खांब उभे राहत होते, तेव्हा खाम नदीच्या काठी मकबऱ्याचे मनोरे चढत होते. आणखी एक योग असा की, आपल्या धर्मप्रांताचे कॅथीड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांस संतपद मिळाले ते १६६५ साली, म्हणजे ही स्तंभमाला बांधली जात असतानाच.

दुसऱ्या दिवशी व्हॅटिकनची संग्रहालये पाहावीत. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर इतर रविवारी ती बंद असतात, हे ध्यानी ठेवावे. दालने असंख्य आहेत. सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. सिस्टिन प्रार्थनामंदिरात मात्र बाकावर बसून घटकाभर वर पाहत राहावे. १५०८ ते १५१२ ह्या चार वर्षांत मायकेलअँजेलोने तेथील छत रंगविले, आणि वीस-पंचवीस वर्षांनी वेदीमागील भिंतीवर अंतिम न्यायाचे चित्र काढले. अजिंठा पाहिलेल्या माणसास येथे एक भेद दिसू शकेल. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गिलावा वाळल्यावर त्यावर रंग चढविले. रोममध्ये गिलावा ओला असतानाच रंग भरला, म्हणजे तो भिंतीत मुरून तिच्याशी एकजीव झाला. त्यामुळे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज लावावा लागे.

संत पेत्राच्या मंदिराखेरीज तीन महामंदिरे प्रत्येक यात्रेकरूने पाहावयाची असतात. लॅटेरानचे संत योहानाचे मंदिर हेच रोमच्या बिशपांचे, म्हणजे परमगुरुस्वामींचे, कॅथीड्रल होय. पुष्कळ लोक चुकून तो मान संत पेत्राच्या मंदिरास देतात. दुसरे पवित्र मरियेचे महामंदिर. त्याच्या मध्यदालनातील मोझाइक चित्रे पाचव्या शतकातील आहेत, आणि अजिंठ्याची कित्येक उत्कृष्ट चित्रेही त्याच शतकातील आहेत, हे आपल्याकडच्या माणसाने विसरू नये. परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांचे दफन २६ एप्रिल २०२५ रोजी ह्याच मंदिरात झाले. तिसरे मंदिर तटाबाहेरील संत पौलाचे. १८२३ साली ते आगीत भस्मसात झाले. तेव्हा ते पुन्हा उभारण्यासाठी साऱ्या जगातून मदत आली. मिसरच्या मुसलमान राज्यकर्त्याने अलाबास्टरचे स्तंभ दिले आणि रशियाच्या झारने हिरवा मॅलाकाइट दगड पाठविला. आपापले धर्मभेद बाजूस ठेवून केलेले हे दान त्या मंदिराचे खरे भूषण आहे.

प्राचीन रोमपैकी कोलोसियम व पँथिऑन ही दोन स्थळे प्रथम भेटीस पुरेशी आहेत. कोलोसियम इ. स. ८० मध्ये खुले झाले. सुमारे पन्नास हजार लोक तेथे बसून माणसांचा व श्वापदांचा संहार करमणूक म्हणून पाहत असत. हे आठवून ते पाहावे, म्हणजे केवळ भव्यतेने दिपून जाणे होणार नाही. त्याच्या शेजारी कॉन्स्टंटाइनची विजयकमान आहे. आपल्या भडकल दरवाजाप्रमाणेच तीही एका लढाईतील जयाचे स्मारक म्हणून उभारलेली आहे. पँथिऑन हे दुसऱ्या शतकातील देवालय ६०९ साली ख्रिस्तमंदिर झाले, आणि म्हणूनच ते आजवर टिकले. त्याच्या घुमटाचा व्यास त्रेचाळीस मीटरांहून अधिक आहे. माथ्यावर मोठे उघडे छिद्र आहे, त्यातून ऊन येते आणि पाऊसही येतो. २०२३ सालापासून तेथे प्रवेशशुल्क घेण्यात येऊ लागले.

बावन्न दरवाजांच्या शहरातून गेलेल्या माणसास रोमचा तट पाहूनही आपलेपणा वाटेल. सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात बांधलेला हा तट सुमारे १९ किलोमीटर लांब असून त्याचा मोठा भाग अद्याप उभा आहे. तीच गोष्ट पाण्याची. ट्रेव्हीच्या सुप्रसिद्ध कारंज्यास येणारे पाणी ज्या नहराचे आहे, तो इ. स. पूर्व १९ मध्ये अग्रिप्पाने बहुतांश जमिनीखालून आणला. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या गावास जमिनीखालून पाणी दिले, आणि पाणचक्कीचे पाणीही तसेच दूरच्या डोंगराकडून येते. रोमकरांनी आपला नहर वेळोवेळी दुरुस्त केला, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही तो वाहतो आहे. नहरे अंबरीचे जे झाले ते आपण डोळ्यांनी पाहत आहोत. एवढा एक विचार मनात घेऊन यात्रेकरू परत आला तरी त्याचा प्रवास नगराच्या कामी आला असे म्हणता येईल.

येथवर जे सांगितले ते थोड्याफार फरकाने कोणताही वाटाड्या सांगेल. परंतु ह्या भूमीतून जाणाऱ्या यात्रेकरूने आणखी तीन ठिकाणी थांबलेच पाहिजे, आणि त्यांची आठवण त्यास सहसा कोणी करून देत नाही.

पहिले ठिकाण येशूसंघाचे ‘जेझू’ हे मंदिर. १५६८ साली त्याचे काम सुरू झाले. डाव्या बाजूस संत इग्नेशियस ह्यांची समाधी असून तिच्यासमोर उजव्या बाजूस संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची वेदी आहे. त्या वेदीवर संतांच्या उजव्या हाताचा अवशेष ठेवलेला आहे. १६१४ साली तो गोव्यातील त्यांच्या देहापासून वेगळा करून रोमला नेण्यात आला. ज्या हाताने गोव्यात व पूर्वेकडील किनाऱ्यांवर हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात तेथे आहे, आणि देह जुन्या गोव्यातील बाँ जेझूच्या मंदिरात आहे. दोन्ही मंदिरांचे नाव एकाच येशूचे. ज्याने जुने गोवे पाहिले आहे, त्याची ती यात्रा येथे पुरी होते.

दुसरे ठिकाण म्हणजे स्पॅनिश चौकातील धर्मप्रसार मंडळाची वास्तू. हे मंडळ १६२२ साली स्थापन झाले, आणि १६२७ मध्ये आठवे अर्बन ह्यांनी देशोदेशींच्या तरुणांस धर्मगुरू करण्यासाठी विद्यालय काढले. गोव्यातील दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो, मूळ घराणे महाले, हा तरुण १६२५ साली, म्हणजे त्याही काळच्या जुबिली वर्षात, रोमला पोहोचला होता. त्यास गोव्यात गुरुदीक्षा नाकारण्यात आली होती. कारण त्याच्या विद्येत किंवा आचरणात उणे होते असे नव्हे, तर तो ह्या मातीतला होता. पोर्तुगीज गलबताची वाट न पाहता तो खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला. तेथे त्यास शिक्षण मिळाले, १६३० साली दीक्षा मिळाली, आणि १६३७ साली त्यास बिशपपद देऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा धर्माधिकारी नेमण्यात आले. लॅटिन विधीचा तो पहिला भारतीय बिशप होय. डिचोलीस राहून त्याने काम केले, परंतु पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी त्याचा कलह शेवटपर्यंत मिटला नाही. अखेरची वर्षे रोममध्ये काढून १६७७ साली तो तेथेच निवर्तला.

त्या वास्तूच्या दर्शनी भागावर बर्निनी व बोरोमिनी ह्या दोघा थोर शिल्पकारांची कारागिरी आहे, म्हणून पुष्कळ लोक ती पाहतात. आपण मात्र तिच्यापुढे दुसऱ्या कारणासाठी उभे राहावे. घरच्या दारात ज्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले गेले नाही, त्याचे ते येथे ऐकले गेले. आज आपल्या वेदीपाशी ह्याच देशात जन्मलेले धर्मगुरू उभे असतात, आणि आपण ती गोष्ट स्वाभाविक समजतो. ती स्वाभाविक नव्हती. तिच्यासाठी कोणीतरी गोव्याहून रोमपर्यंत खुष्कीची वाट तुडविली होती.

तिसऱ्या ठिकाणासाठी पुन्हा संत पेत्राच्या मंदिरात यावे. ८ जून १८६२ रोजी परमगुरुस्वामी नववे पायस ह्यांनी जपानात हुतात्मा झालेल्यांस येथे संतपद दिले. त्यांत वसईचे गोन्सालो गार्सिया होते. पोर्तुगीज पिता व वसईची माता ह्यांचा हा पुत्र जपानात प्रथम येशूसंघीय धर्मगुरूंचा साहाय्यक व पुढे व्यापारी झाला. नंतर मनिला येथे त्याने फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, तो धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा बंधू म्हणून. जपानी भाषा उत्तम येत असल्याने दुभाषी म्हणून त्यास परत जपानात नेण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यास क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. आपल्या भूमीत जन्मलेला हा पहिला संत होय.

पहिल्या दिवशी त्या मंदिरात शिरताना यात्रेकरू घुमटाकडे पाहतो आणि स्वतःस अगदी लहान समजतो. तसे वाटणे योग्यच आहे. शेवटच्या दिवशी मात्र त्याने ही तीन नावे आठवून आत जावे. एकजण दूरदेशाहून आपल्याकडे आला. एकजण आपल्याकडून दाद मागावयास रोमला गेला. आणि एकजण रोम न पाहताच दूरच्या टेकडीवर मेला, तरी त्याचे नाव ह्या मंदिरात उच्चारले गेले. असे केल्याने त्याच घुमटाखाली आपण परके नाही, घरचेच आहोत, असे त्यास वाटू लागेल.

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवाचे स्मरण ठेवून जे कोणी पुढे रोमला जातील, त्यांनी घाई करू नये. दोन स्थळे कमी पाहावीत, पण ही तीन चुकवू नयेत. आणि परत आल्यावर, ज्यांस जाणे घडणार नाही अशा घरच्या वडीलधाऱ्यांजवळ बसून, पाहिलेले सर्व सावकाश सांगावे. यात्रेचे पुण्य वाटल्याने वाढते, असे आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत.